घरच्यांनी मिळून ट्रॅव्हल कंपनी चालवायची असेल तर: आमच्या चुकांवरून केलेली यादी

आमची कंपनी म्हणजे काय, तर मी, आमचे हे, धाकटे दीर आणि जाऊबाई, आणि सासूबाई म्हणजे लाडू-चिवडा खात्याच्या प्रमुख. साताऱ्यात अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, भाड्याची गाडी घेऊन अष्टविनायक सुरू केलं होतं. आता चारधाम, काश्मीर, काशी-अयोध्या, कोकण असं सगळं करतो. ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्हालाही घरचीच कंपनी काढायचीय, सुरुवात कुठून करू. दरवेळी फोनवर तासभर तेच तेच बोलण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. ऑफिस कसं सजवावं, लोगो कसा असावा हे यात नाहीये. जिथे जिथे आम्ही आपटलो तेवढंच आहे.

1. आधी कोण काय करणार ते कागदावर लिहा

हसू नका, खरंच कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. पहिली दोन वर्षं आमच्याकडे सगळेच सगळं करायचे. ह्यांनी एका काकूंना पुढची सीट कबूल केली, त्याच दिवशी दिरांनी तीच सीट दुसऱ्या काकूंना दिली, आणि सकाळी साडेपाचला पोवई नाक्यावर दोन्ही काकू त्याच सीटवर बसायला आल्या. मधे मी.

आमच्याकडे आता असं आहे की रेट आणि सूट फक्त मी बोलणार, गाडी आणि ड्रायव्हर दिरांचं, टूरबरोबर हे जाणार, हॉटेल बुकिंग आणि रूमिंग लिस्ट (कुठल्या खोलीत कोण, ती यादी) जाऊबाईंची. कुणाला दुसऱ्याच्या खात्यातला प्रश्न आला तर एकच उत्तर, "विचारून सांगतो". ऐकायला सोपं वाटतं पण अंगवळणी पडायला वर्ष जातं, कारण घरातल्या माणसाला वाटतं की मी मालक असून मला एवढं पण सांगता येऊ नये का.

सूट हा वेगळा विषय आहे. ह्यांनी एकदा शाळेतल्या मित्राला पाचशे रुपये कमी केले आणि गाडी वाईला पोचायच्या आत अख्ख्या गाडीला कळलं. उरलेल्या प्रवासात तो एकच विषय. तेव्हापासून नातेवाईक असो, मित्र असो, रेट सगळ्यांना सारखा. सख्ख्या मावशी-आत्यांना काही द्यायचंच असेल तर परत आल्यावर साडी द्या, तिकिटात कमी करू नका.

आणि पगार. घरातल्या प्रत्येकाला महिन्याला ठरलेली रक्कम द्या, थोडी असली तरी चालेल पण द्या. जाऊबाई रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत रूमिंग लिस्ट करायच्या आणि त्याला "घरातली मदत" म्हणायचे सगळे. ते जेव्हा एकदा फुटलं तेव्हा दिवाळीत फुटलं, ऐन सीझनला.

2. कागदपत्रं

हे पटापट सांगते, यात फार गंमत नाही:

- ज्याच्या नावावर धंदा त्याचं पॅन, आधार
- दोघा भावांचा धंदा असेल तर भागीदारी करारनामा, आणि तो रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवलेला
- जागेचं लाईट बिल, जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार
- शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे दुकान-ऑफिसची सरकारी नोंद (आपल्यासारख्या चार-पाच माणसांच्या ऑफिसला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, पूर्ण नोंदणी नाही)
- उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद)
- कंपनीच्या नावाचं करंट खातं
- जीएसटी, लागू झाल्यावर

उद्यम नोंदणी पूर्ण फुकट असते, आधार-पॅनवर सरकारी साईटवर होते. तशाच दिसणाऱ्या खाजगी साईट आहेत त्या दोन-तीन हजार घेतात, आम्हीही एकदा भरले. केंद्राच्या पर्यटन खात्याची मान्यता ऐच्छिक आहे, पहिल्या वर्षी तिच्यामागे लागू नका.

जीएसटीत मात्र लक्ष द्या. सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते. सगळे इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला सुटतात लाख-दीड लाख, आपला काय संबंध. उलाढाल म्हणजे नफा नाही हो! चाळीस माणसांची पंचवीस हजारांची एक टूर केली की 10 लाख झाले, अशा दोन टूर झाल्या की तुम्ही काठावर. पॅकेजवर 5 टक्के लागतो तो पूर्ण रकमेवर, आणि या दरात हॉटेलने लावलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तो आपल्या टॅक्समधून वजा होत नाही. म्हणून हा टॅक्स पहिल्यापासून रेटमधे धरा, "नंतर बघू" म्हटलं की तो आपल्या खिशातून जातो. परदेशाच्या टूर विकणार असाल तर त्यात टीसीएस (पॅसेंजरकडून घेऊन सरकारला भरायचा इन्कम टॅक्स) पण गोळा करावा लागतो, ते सीएकडे नीट बसून समजून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

3. अ‍ॅडव्हान्स म्हणजे आपले पैसे नाहीत

या सगळ्यात एकच मुद्दा वाचायचा असेल तर हा वाचा.

जानेवारी-फेब्रुवारीत मे महिन्याचं बुकिंग येतं. खात्यात अचानक सहा-सात लाख दिसतात आणि घरात सगळ्यांना श्रीमंत झाल्यासारखं वाटायला लागतं. 2020 साली आम्ही त्याच अ‍ॅडव्हान्समधून नवीन टेम्पो ट्रॅव्हलरचं डाउन पेमेंट भरलं. मार्चमधे लॉकडाउन लागलं. टूर रद्द, हॉटेलवाले म्हणतात पैसे क्रेडिट ठेवतो, परत नाही, आणि इकडे पॅसेंजर दारात, त्यांचंही चुकीचं नाही, त्यांच्याही घरी पगार बंद. सगळ्यांचे पैसे फेडायला आम्हाला चौदा महिने लागले. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या त्यात. गाडी दारात उभी आणि तिचा हप्ता चालू.

म्हणून आता दोन खाती आहेत. एकात फक्त पॅसेंजरचे पैसे येतात, आणि त्यातून फक्त त्याच टूरचा खर्च जातो, म्हणजे हॉटेल, तिकिटं, गाडी वगैरे. टूर परत आली, हिशोब झाला की उरलेलं दुसऱ्या खात्यात येतं, ते आपलं. घरातले पगार, ऑफिसचं भाडं, पोरांची फी सगळं दुसऱ्या खात्यातून. महिन्याअखेर दुसरं खातं कोरडं पडलं तर कुणाकडून उसने घ्या पण पहिल्याला हात लावू नका.

22 एप्रिल 2025 ला पहलगामचा हल्ला झाला तेव्हा आमची मेमधली काश्मीरची टूर भरलेली होती. दोन दिवसात सगळ्यांनी कॅन्सल केली, कोण जाणार होतं. श्रीनगरला हाउसबोटवाल्याकडे दिलेले पैसे अडकले ते अडकलेच, पण बाकीचे खात्यात होते म्हणून आठवड्याभरात परत देता आले. त्यातले बरेच जण नंतर आमच्याबरोबर केरळला आले. 2020 मधे हेच करता आलं असतं.

दुसरं, एका हॉटेलला कधीही पूर्ण पैसे आधी देऊ नका. थोडे बुकिंगला, थोडे आठवडाभर आधी, बाकी चेक-इनला.

4. रेट काढताना अर्धी गाडी धरा

पूर्ण अर्धी नाही, पण भरलेली तर अजिबात धरू नका. उदाहरण देते. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्याकडचे भाव तुम्ही घाला.

17 सीटची गाडी, अष्टविनायक, दोन दिवस. गाडी 700 किलोमीटर गुणिले 28 म्हणजे 19,600. ड्रायव्हर भत्ता 1,000, टोल-पार्किंग 2,400, ड्रायव्हर आणि आपल्या माणसाचं राहणं-खाणं 2,000. झाले 25,000. हे गाडीत चार माणसं असली तरी जाणारच. त्यावर माणशी रूम 900 आणि जेवण-चहा-नाश्ता 900, म्हणजे 1,800.

आपला माणूस सोडून 16 सीट विकायच्या. सगळ्या भरल्या तर माणशी खर्च साधारण 3,360 येतो. तुम्ही म्हणाल 3,900 रेट लावू, आठ-साडेआठ हजार सुटतील. पण ऐनवेळी 11 च माणसं झाली तर? जमा 42,900 आणि खर्च 44,800. म्हणजे दोन दिवस राबून वर एकोणीसशे घरचे. आम्ही हे बरेच वेळा केलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी "चला नाव तर झालं" असं म्हणून समाधान करून घेतलंय. नावाने डिझेल भरता येत नाही.

आम्ही रेट 11 माणसांवर काढतो. त्याच्यावर जेवढे येतील तो नफा. आणि शेजारच्या कंपनीचा रेट बघून आपला रेट कमी करायचा नाही, त्यांची गाडी स्वतःची असेल, हप्ते संपलेले असतील, तुम्हाला काय माहीत.

5. गाडी

पांढऱ्या नंबरप्लेटची घरची गाडी भाड्याने नेऊ नका. सुरुवातीला सगळ्यांनाच मोह होतो, मामाची सात सीटर आहे, डिझेल घालू आणि जाऊ. पकडलं तर दंड ही छोटी गोष्ट आहे, अपघात झाला आणि गाडी भाड्याने चालली होती हे निघालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. मग काय करणार?

भाड्याची गाडी घेताना मालकाकडून या गोष्टींचे फोटो मागवून घ्याच: आरसी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, ड्रायव्हरचं लायसन्स. महाराष्ट्राबाहेर जायचं असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का बघा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, जुनी गाडी असेल तर तारीख स्वतःच्या डोळ्याने वाचा. पॅसेंजर लिस्ट गाडीत ठेवा, नाक्यावर मागतात. एका मालकाने आम्हाला "सगळं ओके आहे ताई" म्हणून सांगितलं आणि परमिट संपून नऊ दिवस झाले होते, ते आम्हाला गुजरात बॉर्डरला कळलं, बेचाळीस माणसं रस्त्यावर उभी, त्यातल्या सतरा जणांना शुगर.

ड्रायव्हरची झोप हा पण तुमचाच विषय आहे. रात्रभर चालवून पहाटे पोचवलं की लगेच साईट सीइंगला त्यालाच काढायचं नाही. त्याच्या झोपायची सोय आधी विचारा, बऱ्याच हॉटेलात ड्रायव्हरला खोलीच नसते आणि बिचारा गाडीतच झोपतो.

6. रेल्वेची तिकिटं

इथे नवीन लोक नकळत गुन्हा करून बसतात. स्वतःच्या आयआरसीटीसी आयडीवरून पॅसेंजरची तिकिटं काढायची आणि वर शंभर-दोनशे लावायचे, हे रेल्वे कायद्याच्या कलम 143 मधे येतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. आरपीएफवाले (रेल्वे सुरक्षा दल) येतात, कॉम्प्युटर उचलून नेतात. एकतर अधिकृत एजंटचा आयडी घ्या, नाहीतर अधिकृत एजंटकडून काढून घ्या. आम्ही दुसरं करतो.

बुकिंग 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशे वीस दिवस होते. म्हणजे आता टूरची जाहिरात आधी होते आणि तिकिटं नंतर, त्यामुळे कुणालाही "कन्फर्म आहे" असं चार महिने आधी सांगू नका. एका पीएनआरवर सहाच नावं येतात, चाळीस माणसांचे सात पीएनआर होणार आणि ते चार डब्यात विखुरणार, हे पॅसेंजरला आधीच सांगा. तत्काळच्या भरवशावर तर राहूच नका, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, पण पहिला अर्धा तास एजंटना बंद असतो. अर्ध्या तासाने काय उरतं ते तुम्हाला माहीतच आहे.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. हे दर टूरला किमान पाच आजोबांना समजावून सांगावं लागतं आणि त्यातल्या दोघांना वाटतं की ती सवलत आपणच खातोय.

7. फॉर्म भरून घ्या, कितीही ओळखीचे असले तरी

फॉर्मवर काय पाहिजे: आधारप्रमाणे नाव (तिकिटासाठी), वय, घरच्यांचा नंबर, आजार आणि चालू गोळ्या, रूम किती जणांत, जेवणात काय चालत नाही, आणि पैसे परत मिळण्याचे नियम. किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार हे मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली सही. पुसट छापलेल्या इंग्रजी अटींवर कुणी भांडायला आलं तर ग्राहक आयोगात तुमचीच अडचण होते.

आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते टूर संपल्यावर डिलीट करा. आमच्या गॅलरीत एकेकाळी पोरांच्या वाढदिवसाच्या फोटोंपेक्षा लोकांची आधार कार्डं जास्त होती.

8. सीट, रूम आणि चहा

भांडणं हिमालयात होत नाहीत, ती सीटवरून होतात. आम्ही रोज रोटेशन करतो, पुढची रांग दुसऱ्या दिवशी दोन रांगा मागे. ज्यांना उलटीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे ते फॉर्मवर लिहिलेलं असेल तरच पुढे कायम, गाडीत बसल्यावर सुरू झालेला त्रास धरत नाही.

रूममधे ट्रिपल म्हणजे तिसऱ्याला पलंग नाही, गादी खाली, हे शब्द वापरूनच सांगा. "एक्स्ट्रा मॅट्रेस" म्हटलं की लोकांना वेगळं काहीतरी वाटतं.

आणि सकाळी सहाचा चहा. बाकी काहीही चुकलं तरी मराठी माणूस माफ करतो पण सकाळचा चहा चुकला की संपलं. उत्तरेत हॉटेलात सकाळी साडेसातशिवाय किचन उघडत नाही, म्हणून आम्ही विजेची किटली आणि चहा-साखर-दूध पावडर बरोबर ठेवतो.

आचारी नेत असाल तर एक लक्षात ठेवा, रेल्वेत गॅस सिलेंडर न्यायला बंदी आहे. डबाच्या डबा बुक केला तरी नाही. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईला यात्रेकरूंच्या उभ्या डब्यात लपवून नेलेल्या सिलेंडरमुळे आग लागली, नऊ जण गेले. बातमी वाचली त्या दिवशी हे आणि अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत, कारण "स्टेशनला उतरल्यावर कुठे शोधत बसायचं" म्हणून जुन्या काळात काय काय केलं जायचं ते अण्णांना माहीत होतं. आम्ही आता आचाऱ्याला तिकडच्या धर्मशाळेतलं किचन भाड्याने घेऊन देतो.

9. ठिकाणाप्रमाणे काही खड्डे

चारधाम: प्रत्येक पॅसेंजरची उत्तराखंड सरकारची नोंदणी सक्तीची आहे, गाडीला ग्रीन कार्ड (गाडी डोंगरात चालवायला ठीक असल्याचा दाखला) आणि ट्रिप कार्ड (त्या फेरीची नोंद) लागतं. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे, गौरीकुंडपासून सोळा किलोमीटरच्या वर चढण, सत्तरीच्या माणसाच्या मुलाशी आधी स्वतः बोला. हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा पोर्टलवर, दुसऱ्या कुठल्याही साईटवर पैसे भरले की गेले. भक्तनिवासांच्या नावाने पण अशाच खोट्या साईट असतात, ट्रस्टच्या ऑफिसला फोन करूनच पैसे भरा.

काश्मीर: प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. टूर लीडरकडे पोस्टपेड पाहिजेच, आणि गाडीत अजून कुणाकुणाकडे पोस्टपेड आहे त्याची यादी करून ठेवा.

नेपाळ: पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला नुसतं आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आमचं एक जोडपं बॉर्डरवरून परत आलंय.

कोकण: मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत मालवण-तारकर्लीचं वॉटर स्पोर्ट्स आणि सिंधुदुर्गच्या बोटी बंद असतात. पावसाळी पॅकेजमधे जुने फोटो टाकू नका.

अष्टविनायक: लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. शास्त्राप्रमाणे मोरगावपासून सुरू करून शेवट मोरगावलाच, पण दोन दिवसात बहुतेक कंपन्या रस्त्याच्या सोयीने करतात, ते आधीच सांगून टाका म्हणजे रांजणगावला कुणी हटून बसत नाही.

तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा. पितृपक्षात बुकिंग येत नाही, अधिक महिन्यात मात्र काशी, पंढरपूरला फोन थांबत नाही (2026 ला 17 मे ते 15 जून होता, म्हणजे नेमका सुट्टीत). 2027 ला नाशिकचा कुंभमेळा आहे, त्या ऑगस्ट-सप्टेंबरला शिर्डी-त्र्यंबकच्या रूम नेहमीच्या भावात मिळतील असं समजून रेट छापू नका.

10. टूर परत आल्यावर

ज्या दिवशी गाडी परत येते त्याच दिवशी हिशोब. हे दमलेले असतात, म्हणतात उद्या, आणि उद्या म्हटलं की पावत्या पॅंटबरोबर धुतल्या जातात. आमच्याकडे प्रत्येक टूरला एक खाकी पाकीट असतं, बाहेर रोजची तारीख आणि खर्च पेनाने लिहायचा, आत पावत्या. घरी आल्यावर पाकीट माझ्या हातात दिल्याशिवाय जेवायला वाढत नाही.

चौथ्या दिवशी प्रत्येक पॅसेंजरला फोन करायचा, लगेच नको, लगेच सगळे "छान झालं" म्हणतात. चार दिवसांनी खरं बोलतात, की रूमला गरम पाणी नव्हतं, की अमुक काका फार घोरायचे. ते लिहून घ्या. त्यातच बरेचसे विचारतात, पुढची कधी आहे हो. तारीख सांगा, नाव लिहून घ्या, पण रेट पक्का होईपर्यंत पैसे घेऊ नका, जबरदस्तीने गूगल पे करायला लागले तरी.